भाऊंनी पास केलेली गाडी

गाड्यांच्या कंपन्यांची नावं मी इथं घेणार नाही. घेतली तर उद्या सकाळी कुणीतरी भांडायला दारात उभा राहील, आणि त्याची गाडी माझ्यापेक्षा मोठी असेल. तसंही आमच्यात खरी नावं कुणी घेत नसे. एक कंपनी 'पत्रावाली', एक 'टीव्हीवाली' आणि एक 'उद्या या'. पत्रावालीचं दार लावलं की पोह्यांचा डबा लावल्यासारखं वाजायचं. टीव्हीवालीनं पुढे एवढा मोठा पडदा बसवला होता की ड्रायव्हरला समोरचा रस्ता बघायची इच्छाच राहू नये. 'उद्या या' ही गाड्या बऱ्या बनवायची, पण तिच्या सर्व्हिस सेंटरात कधीही जा, उत्तर एकच मिळायचं, म्हणून ते नाव. ही सगळी नावं विठ्ठलभाऊंनी ठेवलेली.

विठ्ठलभाऊ देहूरोडला आमच्या मागच्या गल्लीत राहतात. सगळी नोकरी लष्कराच्या डेपोत, गाड्यांच्या सेक्शनला गेली. दिवसभर मोठमोठी इंजिनं चालू करून तपासायची, हे काम. रिटायर झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात किंवा सुनेच्या स्वयंपाकात लुडबूड करतात. भाऊंनी गाड्यांवर मतं द्यायला सुरुवात केली. द्यायची म्हणजे काय, ठोकायची. नम्रपणा वगैरे त्यांच्या वाटेला कधी गेला नाही. एखाद्यानं हौसेनं नवी गाडी दाखवायला आणली, तर ते तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणायचे, "रंग चांगला आहे," आणि गप्प बसायचे. त्या माणसाची रात्रीची झोप जायची.

दर रविवारी सकाळी आम्ही गाडीवेडे जुन्या हायवेवर, कामशेतच्या अलीकडे एका टपरीवर जमतो. मी तळेगावच्या एका कंपनीत परचेसला आहे. बाकीचे कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, कुणी ड्रायव्हर. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर आम्हा प्रत्येकाचं ठाम मत आहे आणि बहुतेकांनी आयुष्यात एकच गाडी घेतली आहे. कोणत्या शोरूमवाल्यानं पावसात बुडालेली गाडी धुऊन नवी म्हणून विकली, कोणता डीलर मोफत म्हणून दिलेल्या सीट कव्हरचे पैसे दुसरीकडून काढतो, पुढच्या वर्षी कोणतं मॉडेल येणार आणि ते किती भंगार असणार, यावर चहाचे ग्लास रिकामे होत राहतात. खरं सांगायचं तर ही सगळी मतं भाऊंची असत. आम्ही ती दुसरीकडे जाऊन आपली म्हणून खपवायचो.

आमच्यात एक रीत होती. गाडी घ्यायची ठरली की ती आधी भाऊंकडून 'पास' करून घ्यायची. शोरूममधून गाडी काढायची, भाऊंना मधल्या सीटवर बसवायचं, काचा वर, एसी बंद, गाणी बंद, आणि कुणीही एक शब्द बोलायचा नाही. कामशेतवरून बेडशाच्या लेण्यांकडे जाणारा रस्ता आमच्यासाठी नेमका होता, कारण तो दुरुस्त करायचं सरकारच्या मनात कधी येत नाही. भाऊ डोळे मिटून बसायचे. लेण्यांच्या पायथ्याला गाडी थांबली की उतरायचे, पँट झटकायचे आणि निकाल द्यायचे. डाव्या दाराचं रबर नीट बसलेलं नाही. डॅशबोर्डच्या आत काहीतरी सुटं आहे. मागचं काहीतरी घुमतंय, ही गाडी घेऊ नका, दुसरी मागा. शोरूमवाले आधी हसायचे, मग उघडून बघायचे, मग गाडी बदलून द्यायचे. पुढे पुढे तर भाऊ येणार म्हटलं की डीलर आधीच चांगली गाडी बाहेर काढून ठेवायला लागले.

गेल्या वर्षी भाऊ बदलले. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. टीव्हीवालीचं नवं मॉडेल आलं, आमच्यातल्या एकानं ते पास करायला आणलं, आणि भाऊ बेडशाला उतरून म्हणाले, "छान आहे. घे." आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. भाऊंनी पहिल्या फेरीत गाडी पास केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पुढच्या महिन्यात आणखी एक पास झाली. मग एके दिवशी त्यांनी चक्क पत्रावाली पास केली. म्हणाले, "सुधारली बरं का कंपनी. आत आवाज म्हणून नाही."

आम्ही काय केलं असेल? आम्ही कारणं शोधली. एक म्हणाला, परदेशात गाड्या पाठवतात ना, तिथले नियम कडक असतात. दुसरा म्हणाला, दारात आता दुप्पट फोम भरतात. मी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लांबलचक लिहिलं, पत्रावालीची कारखानदारी कशी बदलली, वेल्डिंगला माणसांऐवजी यंत्रं कशी आली, ग्राहक जागा झाला की कंपनी कशी वठणीवर येते. लोकांनी अंगठे दिले. मी स्वतःची गाडीही त्याच काळात घेतली, धम्मचक्र दिनाला, भाऊंनी पास केलेली. पहिल्यांदा ती देहूरोडच्या धम्मभूमीवर नेली, आणि वंदना झाल्यावर भाऊ बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "नशीबवान आहात रे तुम्ही पोरं. आमच्या वेळेला अशा गाड्या नव्हत्या." मला फार बरं वाटलं होतं.

एक सरळ गोष्ट होती, ती मात्र आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. गाड्यांवर बोलणाऱ्या माणसांना जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण गाडीतच सापडतं.

भाऊंच्या बायकोनं, सरूबाईंनी, आम्हाला सांगितलं होतं. लपवून नाही, दारात उभं राहून, मोठ्यानं. "यांना किती हाका मारल्या तरी ऐकायला येत नाही. टीव्ही तर असा लावतात की शेजारची पोरगी अभ्यास सोडून उठते." आम्ही हसलो. नवऱ्याला ऐकू येत नाही ही तक्रार कुठल्या घरात नसते? माझ्या घरातही आहे. आणि टपरीवर तर प्रश्नच नव्हता. तिथं भाऊ बोलायचे आणि आम्ही ऐकायचो. ज्या माणसावर कधी ऐकायची पाळीच येत नाही, त्याचे कान गेलेत हे कळणार कसं?

मग शिदूची गाडी आली.

शिदू कुरवंड्याचा. थोडी भातशेती आहे, पण घर चालतं ते पर्यटकांवर. लोणावळा स्टेशनपासून कुरवंड्यापर्यंत, नागफणीच्या सुळक्याच्या पायथ्याशी, तो माणसं नेतो आणि आणतो. कुणी म्हणालं तर खाली खोपोलीलाही सोडतो. त्याची जुनी जीप एवढी जुनी झाली होती की पुण्याची माणसं तिच्यात बसण्याआधी तिचा फोटो काढायची. त्यानं ती विकून 'उद्या या' कंपनीची सात सीटची गाडी घ्यायची ठरवली. बायको सावित्राबाई नको म्हणत होती. तिचं म्हणणं, जुनी आपल्या हातातली आहे, नव्यातलं आपल्याला काय कळतंय. शिदू म्हणाला, "मला न्हाई कळत, पर विठ्ठलभाऊला कळतंय ना."

त्याची गाडी पास करायला मी बरोबर होतो. बेडशाच्या रस्त्याला मोकळी जागा लागली आणि शिदूनं वेग घेतला, तेव्हा मागून बारीक घुमल्यासारखं काहीतरी आलं. शिदूनं आरशातून आमच्याकडे बघितलं. मी भाऊंकडे बघितलं. ते डोळे मिटून शांत बसले होते. फेरी चालू असताना बोलायचं नाही ही रीत, म्हणून कुणी बोललं नाही. पायथ्याला उतरून भाऊ म्हणाले, "एक नंबर. शिदू, डोळे मिटून घे."

"भाऊ, मागं काय घुमत न्हाई ना?" शिदूनं दबकत विचारलं.

भाऊ आधीच चालत पुढे गेले होते. वळले नाहीत. आम्हाला वाटलं, असल्या प्रश्नाला उत्तर द्यायची त्यांना गरज वाटली नसेल. शिदू स्वतःशीच म्हणाला, "माजे कान जीपमदी बसून गेले वाटतं." मी म्हणालो, रस्ता खराब आहे, टायर नवे आहेत. त्यानं गाडी घेतली.

पावसाळा सुरू झाला, लोणावळ्याला गर्दी उसळली आणि शिदूच्या गाडीतलं घुमणं वाढत गेलं. आधी तो एकटाच ऐकत होता. मग मागं बसलेले पर्यटक विचारायला लागले, काका, काही खराब आहे का. तो दोनदा सर्व्हिस सेंटरला जाऊन आला. त्यांनी सांगितलं, टायरचा आवाज आहे, या मॉडेलला असतोच. शिदूनं मला फोन केला. आवाजात रडवेपणा होता. "सुहासभाऊ, गाडी खाली उतरताना मला भ्या वाटतंय. चाकात काय असलं आन् मधीच धरलं, जाम झालं तर? तुमी विठ्ठलभाऊला घिऊन चला. त्यांचं ऐकतील ती लोकं."

म्हणून आम्ही तिघं गेलो. शोरूम हायवेला लागून, मागे सर्व्हिस सेंटर. तिथं तक्रारी लिहून घ्यायला प्रेरणा नावाची मुलगी होती, पंचविशीची असेल. भाऊंना बघून ती खुर्चीतून उठलीच. ओळखत होती. ती शिकाऊ असताना भाऊंनी तिच्यासमोर तिच्या मॅनेजरला एका दाराच्या रबरावरून झापलं होतं म्हणे.

"काका, खरं सांगू?" ती हळू आवाजात पण भाऊंच्या समोर उभी राहून म्हणाली. "यांच्या गाडीत आवाज आहे, मलाही वाटतंय. पण कंपनी नुसत्या आवाजावर सगळी चाकं खोलू देत नाही. कुठल्या चाकातून येतो ते लिहून पाठवावं लागतं. आमचा मेकॅनिक म्हणतो, टायर. तुम्ही एकदा बसा. तुम्ही सांगाल ते चाक मी खोलायला लावते. त्यात काही निघालं की पुढचं सगळं माझ्यावर सोडा."

शिदूचा चेहरा उजळला. मलाही वाटलं, झालं काम.

शिदू चालवायला, त्याच्या शेजारी प्रेरणा, मागे मी आणि भाऊ. काचा वर, एसी बंद. सर्व्हिस रोडवरून हायवेला लागलो आणि वेग वाढला तसा आवाज चढायला लागला. आता तो बारीक नव्हता. माझ्या मागून, उजव्या बाजूनं, पाठीत शिरत होता. लहान मुलालाही बोट दाखवता आलं असतं. प्रेरणा मागे वळून म्हणाली, "हा बघा. आला ना काका?"

भाऊंनी डोळे उघडले. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली, हो, आहे की. मग त्यांनी आरशात शिदूकडे बघितलं. शिदूही मान हलवत होता. भाऊंचा चेहरा एकदम पांढरा पडला. मी तो बघितला आणि मला वाटलं, कंपनीवर संतापलेत.

"कुठलं चाक, काका?" प्रेरणानं विचारलं.

भाऊ पुन्हा डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "पुढचं डावं."

आता मी जे सांगतो ते ऐकून कुणी मला वेड्यात काढेल. आवाज माझ्या पाठीमागून, उजवीकडून येत होता, आणि भाऊ म्हणाले पुढचं डावं, आणि मी मनात म्हणालो, असेल, आवाज फिरून येत असेल. शिदूचीही आरशात माझ्याशी नजरानजर झाली. त्याच्याही कपाळावर आठी होती. पण तोही काही बोलला नाही. स्वतःच्या कानांपेक्षा भाऊंचं खरं, ही सवय आमच्या हाडात भिनली होती.

पुढचं डावं चाक खोललं. त्यात काही नव्हतं. चाक नव्यासारखं फिरत होतं. प्रेरणानं स्वतः हातानं फिरवून बघितलं, पुन्हा बघितलं. मग भाऊंसमोर येऊन म्हणाली, "काका, आता मी काय करू? तुम्ही सांगितलेलं चाक खोललं. टायरचा आवाज असंच लिहावं लागेल मला." तिला खरंच वाईट वाटत होतं. भाऊ तिथून वळले. बाहेर जाऊन गाडीत पुढच्या सीटवर बसले.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. गाडी तेवढी घुमत होती. वडगाव मागे पडलं आणि भाऊ समोर बघतच म्हणाले, "शिदू, आवाज मोठा आहे का रे?"

शिदूनं त्यांच्याकडे बघितलं. "म्हंजी?"

भाऊ त्याच्याकडे वळले. "आत्ता येतोय का? मोठा आहे का? सांग ना."

"लय मोठा हाय, भाऊ."

"मला काहीच येत नाही," भाऊ म्हणाले. "मघाशीही नाही आला. ती पोरगी वळली, तेव्हा कळलं मला. तोपर्यंत मला काही माहीत नव्हतं. आईची शपथ." त्यांनी समोरच्या डॅशबोर्डवर हात ठेवला. "मला वाटलं, गाड्या सुधारल्या."

मी मागे बसून ऐकत होतो. हसूही आलं नाही. वर्षभर त्या माणसानं एकेक गाडी पास केली होती आणि प्रत्येक वेळी मनापासून खूश झाला होता. आपल्या म्हातारपणी का होईना, चांगल्या गाड्या बघायला मिळाल्या म्हणून. आणि त्या सुधारणेवर मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं होतं.

शिदूनं गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. त्याचा स्वभाव गरीब. कुणावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. तेव्हाही त्यानं चढवला नाही.

"मंग तितं पुडचं चाक कशाला सांगितलं, भाऊ?"

भाऊ त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता कळत होतं की ते नेहमी बोलणाऱ्याच्या तोंडाकडेच बघतात.

"जीभ रेटेना," ते म्हणाले. "त्या पोरीसमोर. ती उठून उभी राहिली होती मला बघून."

"आन् मी?" शिदू म्हणाला. "मी काय करू? ही गाडी घिऊन मी घाट उतरतो. मागं लोकांची पोरं बसत्यात. माजी बी बसत्यात. चाक धरलं तर मी कुनाचं नाव सांगायचं? पयल्या दिवशीच मला आवाज आलता. माज्या कानानं मी ऐकलं, आन् तुमचं खरं मानलं. जीप इकली. सावित्रा नगं म्हनत हुती, तिला म्हनलं, भाऊनं पास केलीया. तुमी तितं येक सबूद बोलला असता, मला येत न्हाई ऐकाया, तर काय झालं असतं? मी तुमाला हसलो असतो व्हय?"

त्यातलं किती भाऊंना ऐकू गेलं, किती त्याच्या तोंडावरून कळलं, कोण जाणे. पण कळायचं ते कळलं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. जड वाहनं शेजारून जात होती आणि गाडी हलत होती. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. कुणी कीव केलेली त्यांना आवडली नसती, आणि शिदूचं काहीच चुकत नव्हतं.

"फिरव गाडी," भाऊ म्हणाले.

आम्ही परत पोचलो तेव्हा सर्व्हिस सेंटरला संध्याकाळची गर्दी होती. गाड्या न्यायला आलेली माणसं काउंटरवर वाकून उभी होती. भाऊ त्यांच्यामधून सरळ प्रेरणासमोर गेले. त्यांना स्वतःचा आवाजही नीट कळत नसावा, कारण ते जे बोलले ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"बाळ, मला ऐकू येत नाही. पुढचं चाक मी अंदाजानं सांगितलं. हा शिदू म्हणतो मागून येतो. त्याचे कान शाबूत आहेत. मागची चाकं खोल. माझ्या बोलण्यावरून त्याची तक्रार बंद करू नकोस."

काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली. प्रेरणा क्षणभर गडबडली. मग ती बाहेर आली, भाऊंच्या दंडाला धरलं आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, एकेक शब्द तोडत, मोठ्यानं म्हणाली, "हो काका. समजलं. तुम्ही बसा इथे. पाणी देऊ का?"

वाईट काहीच नव्हतं त्यात. पोरगी चांगलीच होती. पण दोन तासांपूर्वी हीच त्यांना बघून उठून उभी राहिली होती, त्यांच्याशी हळू आवाजात, जपून बोलली होती. भाऊ मुकाट्यानं खुर्चीत बसले आणि तिनं दिलेलं पाणी प्यायले.

शिदूच्या गाडीत मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलेलं निघालं. कंपनीनं ते बदलून दिलं. फार घासाघीस झाली नाही, आणि प्रेरणानं शब्द पाळला.

बातमी कुठून फुटली माहीत नाही. शिदूनं सांगितली नाही, मी तर नाहीच. त्या काउंटरवर उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी ग्रुपमधल्या कुणाचा तरी मेहुणा असणारच. एवढं खरं की आठवड्याभरात सगळ्यांच्या गाड्या वाजायला लागल्या. टीव्हीवालीच्या पडद्यामागे किरकिर होती. एकाच्या मागची सीट अडकवायचं कडं खडखडत होतं. पत्रावाली तर पुन्हा पोह्यांचा डबा झाली. वर्षभर ज्या गाड्या त्यांचे मालक हातावर फुलासारख्या झेलत होते, त्यांना शिव्या बसायला लागल्या. सुधारलेल्या सगळ्या कंपन्या पुन्हा बिघडल्या. एका रविवारी मी एकटाच काचा वर करून देहूरोडहून कामशेतला गेलो, तेव्हा माझ्याही डॅशबोर्डमधून टिकटिक ऐकू आली. ती पहिल्या दिवसापासून असणार. मी कधी ऐकलीच नव्हती, कारण भाऊंनी नाही म्हटलं होतं.

त्यानंतरही भाऊ टपरीवर येत होते. माणसं त्यांच्याशी ओरडून बोलायची. "भाऊ, बरं आहे ना? तब्येत काय म्हणते?" गाड्यांचं कुणी विचारेना. कुणीतरी मोबाईलवर आवाज मोजायचं अॅप आणलं होतं. सीटवर फोन ठेवायचा, तो आकडा दाखवतो. त्या आकड्यावरून पोरं भांडायची आणि भाऊ ग्लास हातात धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहायचे. एकदा त्यांनी मध्येच विचारलं, "टीव्हीवालीचं काय म्हणताय?" आणि समोरचा ओरडला, "काही नाही भाऊ, चहा घ्या." पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मी बोलवायला गेलो तर सरूबाई म्हणाल्या, झोपलेत. आतून टीव्ही चालू असल्याचं मला ऐकू येत होतं.

सरूबाईंनी त्यांना डॉक्टरकडे नेलं आणि कानाला यंत्र बसवून आणलं. समोरासमोर बोललेलं आता कळतं. पण भाऊ म्हणतात, गाडीत बसलं की त्यातून सगळेच आवाज एकदम येतात, रस्ता, इंजिन, वारा, माणसं, सगळ्याचा काला होतो. म्हणून गाडीत बसताना ते यंत्र काढून खिशात ठेवतात.

पाऊस ओसरल्यावर शिदू गाडी घेऊन देहूरोडला आला. सावित्राबाईनं भाऊंना आणि सरूबाईंना जेवायला बोलावलं होतं. भाऊ नको म्हणत होते, पण शिदू दारातून हलेना. मलाही त्यानं बरोबर घेतलं. लोणावळा सोडून कुरवंड्याचा रस्ता लागला. बाजूला भात पिवळं पडायला लागलं होतं. गाडी छान चालली होती. मागे बसून मी कान देऊन ऐकलं, घुमण्याचा मागमूस नव्हता. खरंच शांत गाडी होती. सरूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

भाऊ पुढे बसले होते. यंत्र खिशात होतं. शिदूनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, त्यांनी तोंडाकडे बघेपर्यंत थांबला आणि सावकाश म्हणाला, "भाऊ, गेला आवाज. आता काय बी न्हाई."

भाऊंनी मान हलवली.

"मला त्या दिवशीपण अशीच वाटली होती," ते म्हणाले.